अर्धी धुतलेली गाडी

माझा दादा गाडी धुवायला निघाला की आधी बोटातली अंगठी काढतो. मग मनगटावरचं घड्याळ, मग कमरेचा पट्टा. शर्ट काढून खुंटीला लावतो आणि बिनगुंड्यांची बंडी घालतो. का, तर वाकताना गुंडी दाराला घासते आणि केसाएवढा ओरखडा उठतो. तो ओरखडा मला दिसत नाही, वहिनीला दिसत नाही, ज्यांच्या गाड्या होत्या त्यांनाही कधी दिसला नसेल. दादाला दिसतो.

चौतीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्या चालवल्या. चालवल्या म्हणण्यापेक्षा सांभाळल्या म्हणावं. पहिली नोकरी एका कारखानदाराकडे लागली तेव्हा तो विशीतला होता. तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने पहिले दोन महिने त्याला चावीला हात लावू दिला नाही, नुसतं धुवायला शिकवलं. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची. सुरुवात टपापासून, शेवट चाकांपाशी. चाकांचं फडकं वेगळं, ते वर आणायचं नाही. कोरडी धूळ कधी पुसायची नाही, आधी पाण्याने सुटू द्यायची. ऊन अंगावर असताना गाडीला पाणी लावायचं नाही. आणि शेवटी मऊ कातड्याने पाणी टिपायचं, पुसायचं नाही. टिपणं आणि पुसणं यातला फरक दादाने मला इतक्या वेळा समजावून सांगितलाय की झोपेतून उठवलंत तरी मी सांगेन.

त्या कारखानदाराची गाडी गडद निळी होती. अठरा वर्षांनी ती विकली तेव्हा घेणाऱ्याने विचारलं, नवा रंग कधी मारलात? मालकाने दादाकडे बोट दाखवलं. दादाच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा मानपत्राचा प्रसंग. घरात ही गोष्ट निघाली की पहिलं वाक्य तो बोलायचा आणि शेवटचं आम्ही सगळे मिळून बोलायचो. वहिनी मात्र म्हणायची, "त्या गाडीला जेवढं निरखून बघितलं त्याच्या निम्मं मला बघितलं असतं, तर माझाही रंग टिकला असता."

दादाला एकच मुलगा, माझा भाचा. शिकला, यंत्रांचे नकाशे काढायच्या कचेरीत लागला, आठ-नऊ वर्षं खाली मान घालून काम केलं आणि एक दिवस घरी येऊन म्हणाला, गाडी घ्यायची. साधीसुधी नाही. दादाच्या शेवटच्या साहेबांकडे होती तसली, दार लावलं की आवाजसुद्धा श्रीमंत येतो तसली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, अरे, एवढी महागाची कशाला, साध्या गाडीने रस्ता कापत नाही का? तो म्हणाला, "आत्या, बाबांनी जन्मभर दुसऱ्यासाठी दार उघडलं. एकदा स्वतःसाठी उघडू दे."



रंग निवडायचं काम त्याने बापावर सोपवलं. पांढरी गाडी तयार होती, आठवड्यात मिळाली असती. दादाने गडद निळ्यावर बोट ठेवलं, त्याला दोन महिने थांबावं लागणार होतं. भाचा म्हणाला, पांढरीच घेऊ या का, गडद रंगावर सगळं दिसतं म्हणतात. तेव्हा दादा म्हणाला, "रंगाची काळजी तू करू नकोस. ती माझ्याकडे लागली."

हे वाक्य पुढे त्याच्याच पायात काट्यासारखं मोडलं.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं. मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. सकाळी दूध आणायला निघाले की इमारतीच्या फाटकातून दादा दिसायचा. दोन बादल्या, बंडी, आणि आरशासारखी निळी गाडी. लोक तिच्यात बघून केस सारखे करायचे. दादाने ते चालवून घेतलं, फक्त हात लावू द्यायचा नाही.

तिसऱ्या वर्षी टपावर, ड्रायव्हरच्या बाजूला, एक फिकट डाग उमटला. दूध सांडून वाळावं तसा. दादाने तो घासला नाही, नुसता बघितला. आठ दिवसांनी डागाची कड उचलली गेली. मग कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा सुटला आणि वाऱ्याने फडफडायला लागला. दादाने दोन आठवडे ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. टपावरचं कोण बघतंय, असं त्याला वाटलं असावं. पण मग बॉनेटवर सुरू झालं, आणि बॉनेट सगळ्यांना दिसतं.

दादाचा एक जुना दोस्त गाड्या रंगवायचं काम करतो. त्याने नखाने टिचकी मारून बघितली आणि म्हणाला, वरचा पारदर्शक थर खालच्या रंगाला धरलेलाच नाही, हे कारखान्यातलं दुखणं आहे, धुण्याने ओरखडे पडतात, पोपडे निघत नाहीत. दादाला धीर आला. गाडी वॉरंटीत होती. भाच्याने कंपनीच्या सर्व्हिस सेंटरची वेळ घेतली.

त्या दिवशी मीही गाडीत होते, मला डोळे तपासायला पुढच्या चौकात उतरायचं होतं. माझ्या तपासणीला अजून अवकाश होता म्हणून त्यांच्याबरोबर आत गेले. काचेची खोली, गार हवा, बसायला एवढी मऊ खुर्ची की उठताना आधार शोधावा लागला. टाय लावलेला एक माणूस आला. फार गोड बोलणारा. त्याने आम्हाला पाणी दिलं, गाडीचे फोटो काढले, मग कागद घेऊन दादाच्या समोर बसला. भाचा तेवढ्यात कचेरीचा फोन आला म्हणून बाहेर गेला होता.

"गाडीची निगा कोण ठेवतं, काका?" त्याने विचारलं.

दादाची पाठ ताठ झाली. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी खुर्चीवर बसवून विचारलं नव्हतं. त्याने सगळं सांगितलं. दोन बादल्या, टपापासून चाकापर्यंत, कातडं, टिपणं. अंगठी काढतो हेसुद्धा सांगितलं. तो माणूस मान डोलावत लिहीत होता.

"रोज धुता?"

"रोज. पावसातसुद्धा. एक दिवस चुकवला नाही."

मला वाटलं, माणूस खूश झालाय. दादालाही तसंच वाटलं. त्याने कागदाच्या खाली आपली वळणदार सही केली, तारीख घातली, आणि पेन टोपण लावून परत दिलं.

दोन आठवड्यांनी पत्र आलं. भाच्याने दारातच उभ्याने वाचलं. ग्राहकाने स्वतः दिलेल्या माहितीनुसार गाडी दररोज हाताने धुतली व घासली जात असल्याने रंगाच्या थराची झीज झाली आहे, आणि अशी झीज वॉरंटीत बसत नाही. दादाने 'घासतो' हा शब्द जन्मात कधी वापरला नव्हता. तो त्यांनी घातला.

भाचा तसा शांत आहे. बापापुढे आवाज चढवणारा नाही. त्या दिवशीही चढवला नाही. पत्राची घडी घालत तो नुसतं म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं रोज धुवायला?"

"कुणी नाही," दादा म्हणाला.

वहिनी आत एकच पातेलं पुन्हा पुन्हा विसळत होती. मी चप्पल घालून निघून आले. बसवेना तिथे.

नंतर दादाने रंगवणाऱ्या दोस्ताचं नाव काढलं, तर भाचा म्हणाला, तो तुमचा दोस्त, तुमच्याच बाजूने बोलणार. तेही खरंच होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी फाटकातून दादा दिसला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी वर गेले. तो गॅलरीत बसून आपल्या तळहाताकडे बघत होता. पाण्यात राहून राहून त्या हातांना कायमच्या भेगा पडल्यात, आणि नखं इतकी कापलेली की बोटं बोथट दिसतात. मला म्हणाला, "खरंच माझ्या हातानं गेला असेल का गं? तेव्हाचे रंग वेगळे होते. आता पातळ मारतात म्हणे. माझे हात जुन्या रंगाचे."

कंपनीने नाकारलं याचं मला एवढं लागलं नाही. मुलगा बोलला तेही एक वेळ मी गिळलं असतं. पण चौतीस वर्षांनी या माणसाला स्वतःच्या हातांचा संशय आला, ते मला बघवेना. काही झालं तरी तुझे हात तसे नाहीत, असं मी म्हटलं. बहिणीच्या म्हणण्याला काय किंमत, ती म्हणणारच.

मग त्याच्या डोक्यात ते आलं.

पुढच्या सोमवारी सकाळी मी बघते तर दादा खाली, बंडी घालून, बादल्या मांडून. बॉनेटच्या मधोमध, कंपनीच्या चिन्हापासून टपावरून थेट डिकीपर्यंत, त्याने डोळ्याने एक रेघ धरली होती. ड्रायव्हरची बाजू नेहमीसारखी धुतली. रेघेपाशी थांबला. दुसऱ्या बाजूला पाण्याचा थेंब उडाला तर तो टिपला आणि बादल्या उचलून चालू लागला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "एका बाजूला माझा हात लागेल, दुसऱ्या बाजूला लागणार नाही. कुठला रंग जातो बघू."

ऊन दोन्ही बाजूंना सारखं लागावं म्हणून तो गाडी एक दिवस फाटकाकडे तोंड करून लावायचा, एक दिवस भिंतीकडे. शाळेत प्रयोगवहीत 'सर्व बाबी समान ठेवाव्यात' असं आम्ही लिहायचो, त्याचा अर्थ मला दादाने पन्नाशीनंतर दाखवला. त्याची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती.

आठवड्यात फरक दिसायला लागला. महिन्यात तर हसं झालं. एका बाजूने बघावं तर निळी गाडी, दुसऱ्या बाजूने बघावं तर मातीत पुरून काढलेली. तळमजल्यावरच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी विचारलं, काका, पाणी अर्ध्यातच गेलं का? शिवणकाम करणाऱ्या बाईंनी विचारलं, वाटण्या झाल्या वाटतं बापलेकांत, धुतलेली बाजू कुणाची? दादा कुणाला उत्तर देईना. पाऊस आला तेव्हा दोन्ही बाजूंवर सारखाच पडला, ते त्याने मान्य केलं. पाऊस गेल्यावर पुन्हा एकीकडे बादली, एकीकडे धूळ.

सगळ्यात पंचाईत भाच्याची. त्याला रोज ती गाडी घेऊन कचेरीत जायचं होतं. आधी तो गाडी कचेरीच्या दारासमोर लावायचा, आता दोन रस्ते पलीकडे लावून चालत जायला लागला. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाला, आत्या, तू सांग ना बाबांना, लोक वेड्यात काढतायत. मी म्हटलं, "तू विचारलंस ना, कुणी सांगितलं होतं धुवायला? मग आता तो शोधतोय, धुतल्यानं काय होतं ते. शोधू दे."

त्याने मान खाली घातली. चहा न पिताच गेला.

बोलायला मी बोलले, पण माझी स्वतःची वेगळीच अडचण झाली होती. संध्याकाळी देवासमोर हात जोडले की मला शब्द सुचेनात. न धुतलेली बाजू चांगली राहू दे म्हणावं, तर दादाचे हात गुन्हेगार ठरतात. तिथलाही रंग जाऊ दे म्हणावं, तर पोराने एवढ्या हौसेने घेतलेली गाडी मुळातच खोटी निघते. असलं मागणं देवापुढे कसं ठेवायचं? शेवटी मी काहीच मागितलं नाही. तुला सगळं दिसतंय, एवढंच म्हणायचे आणि उठायचे.

चार महिने गेले. ड्रायव्हरच्या बाजूचे पोपडे वाढत होते. दुसऱ्या बाजूवर धुळीचा असा थर बसला होता की खाली काय आहे कळायचं नाही. दादा मधूनमधून वाकून बघायचा, पण हात लावायचा नाही. तो वाळलाही होता. वहिनी म्हणाली, जेवताना घास हातातच राहतो, मी विचारलं तर म्हणतात, विचार करतोय.

मग एका सकाळी सातच्या सुमाराला त्याचा फोन आला. दादा फोनवर कधी दोन शब्दांपलीकडे जात नाही. त्या दिवशी एकच शब्द म्हणाला, ये.

मी खाली पोचले तर तो न धुतलेल्या बाजूला उभा होता. मागच्या दाराच्या वर, टपाच्या कडेला, धुळीला भेग पडली होती. त्याने माझं बोट धरून तिथे टेकवलं. धूळ माझ्या बोटाला लागली आणि धुळीबरोबर निळा पापुद्राही उचलला गेला. नाण्याएवढा. खालचा रंग फिका, खडूसारखा. मग त्याने मला मागचा पत्रा दाखवला. तिथेही फुगा आला होता, अजून फुटायचा होता.

दादा बादली पालथी घालून तिच्यावर बसला.

मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. मी म्हटलं, दादा, सुटलास तू. बोलाव त्याला खाली, दाखव.

 तो उठला, बादली सरळ केली, नळाखाली लावली. भरल्यावर ती उचलून न धुतलेल्या बाजूला नेऊन ठेवली. मला आधी कळेना हा काय करतोय.

"धुऊन टाकतो," तो म्हणाला. "माझ्या हातानं गेला असं त्याला वाटतंय ना, वाटू दे. निदान धुणं बंद केलं की उरलेला टिकेल, एवढी आशा तरी राहील त्याला. हे बघितलं तर काय राहील?"

मी त्याला उभ्या आयुष्यात कधी अडवलं नाही. मोठा भाऊ. वडील गेल्यावर त्यानेच माझं सगळं केलं. पण त्या दिवशी मी बादलीच्या कडीला हात घातला. म्हटलं, "बादली ठेव, दादा. पोराला खोटी आशा देऊन तू खाली मान घालून फिरणार, हे देवालाही पटायचं नाही."

आम्ही दोघं म्हातारी माणसं बादली धरून उभी, त्याने ओढली की माझ्या पायावर पाणी, मी ओढली की त्याच्या. तेवढ्यात भाचा खाली आला, कचेरीला निघालेला, हातात डबा. आम्हाला बघून थबकला. मग टपाकडे त्याची नजर गेली, कारण मी मुद्दामच तिकडे बघत होते.

तो जवळ आला. नखाने धूळ बाजूला केली. पापुद्रा सुटून त्याच्या बोटाला चिकटला. त्याने तो उजेडाकडे धरला, त्यातून पलीकडचं दिसत होतं. मग तो गाडीला वळसा घालून धुतलेल्या बाजूला गेला, तिथले पोपडे बघितले, परत आला. घाई होती त्याला, पण घड्याळाकडे बघितलं नाही.

"म्हणजे धुतली तरी जाणार, नाही धुतली तरी जाणार," तो म्हणाला.

"हो," दादा म्हणाला.

 भाच्याने डबा बॉनेटवर ठेवायला हात पुढे केला, मध्येच थांबला, आणि डबा खाली जमिनीवर ठेवला.

"मग धुवा, बाबा," तो म्हणाला. "रोज धुवा. मी बोललो ते बोलायला नको होतं."

दादाने नुसती मान हलवली. बादलीची कडी अजून आम्हा दोघांच्या हातात होती. मी सोडली.

भाच्याने दोन्ही बाजूंचे फोटो काढून कंपनीला पुन्हा लिहिलं. चार महिन्यांची सगळी हकिगत, तारखांसकट. महिन्याने उत्तर आलं. गाडीच्या एका भागाची नियमित स्वच्छता न राखल्याने धूळ व ओलावा साचून रंगाचे नुकसान झाले आहे, सबब वॉरंटी लागू होत नाही. भाच्याने ते मोठ्याने वाचलं. वहिनी म्हणाली, आता काय, पाऊण धुऊन बघायची का? कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं. पण हसून झाल्यावर सगळे दमल्यासारखे बसून राहिले. दोन्ही पत्रं गाडीच्या खणात आहेत. पुढे भांडायचं म्हणतो भाचा, पण सुट्टी मिळत नाही, आणि कुणाच्या दारात उभं राहायचं तेही धड कळत नाही.

रंग काही थांबला नाही. आता टपावर आणि बॉनेटवर मिळून नकाशासारखं झालंय, निळ्यात फिके देश. दादाचा दोस्त म्हणतो, सगळा खरवडून नवा मारावा लागेल. बघू, म्हणतात घरचे.

दादा रोज धुतो. पोपड्यांच्या कडांवरून त्याचा हात हळू जातो, दुखऱ्या जागेवरून जावा तसा. रविवारी भाचा खाली उतरतो. पायरीवर थांबून आधी अंगठी काढतो, मग घड्याळ, आणि दोन्ही खिशात टाकतो. त्याला हे कुणी सांगितलं नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. पूर्वी न धुतलेली ती बाजू त्याच्याकडे लागलीय. दोघंही मधली रेघ आली की थांबतात.

भाचा वर गेला की दादा कातडं घेऊन मुलाची बाजू पुन्हा एकदा टिपून काढतो. मी एकदा पकडलं त्याला. कशाला, म्हटलं, त्याने केलंय ना?

"केलंय," दादा म्हणाला, "पण पुसतो तो."